ओट्यापर्यंतची वायर

माझी मुलगी धुळ्याला इंजिनिअरिंगला होती. कॉम्प्युटरवरून चिपमध्ये प्रोग्राम भरायचं सर्किट तिनं घरीच जोडलं होतं. ते उद्या कॉलेजात दाखवायचं, आणि चिप काही केल्या कॉम्प्युटरला दाद देईना.

सोल्डरिंगचा धूर तिच्या आईला घरात चालत नसे. म्हणून कॉम्प्युटर आत आणि सर्किट ओट्यावर. मधली लांब वायर मी जोडलेली, विहिरीच्या मोटारीला जोडतो तशी, घट्ट पीळ देऊन.

पोरीनं सगळं तपासलं, चिपही बदलली. माझ्या वायरीला मात्र हात लावेना. मला ते दिसत होतं.

"वायर लांब शे का?" मीच विचारलं.

ती खाली बघत म्हणाली, "हा, आबा."

"मोटार तर दोन वावरं लांब चालस."

"मोटारले ताकद जास. हाई बारीक खबर शे, वाटमाच विरी जास."

मी पक्कड आणली. हातभर वायर ठेवली, बाकीची तोडली आणि सर्किट उचलून आत नेलं. तिच्या आईनं धूर जायला खिडकी उघडली, आणि पोरीनं वायरीची तोडलेली टोकं सोल्डर करून पुन्हा जोडली.

चिप भरली. पोरीनं तोडलेल्या वायरीची नीट गुंडाळी केली.

"तिचं काय करशी आता?" मी विचारलं.

"ठेवा, आबा. मोटारले लागी."