चाँद पाशाचे तीन सवाल

वडजवळ्याच्या मोटारस्टँडवर चाँद पाशाचं सायकलीचं दुकान होतं. कुडाच्या भिंती, वर पत्रा, पुढं पंक्चर बघायचं पाण्याचं घमेलं आणि भाड्यानं द्यायच्या चार सायकली. आत ट्यूबांच्या ढिगामागं एक पत्र्याची पेटी असायची. पक्षाचा झेंडा, पावतीपुस्तक, सभासदांचं रजिस्टर, सगळं त्या पेटीत. गावात पक्षाचं दुसरं कार्यालय नव्हतं. चाँद पाशा पक्षाचा गावचा चिटणीस होता.

पक्ष विरोधातला होता, एवढं सांगितलं तरी पुरे. आमच्या भागात तेव्हा निवडून यायचं तर सरकारी पक्षाकडूनच यावं लागायचं.

मी त्या गावात मास्तर होतो. मास्तरानं राजकारणात पडू नये असा सरकारचा नियम. मी पडलो नाही. पण सभा आमच्या शाळेतच भरायच्या आणि शाळेची किल्ली माझ्याकडं, त्यामुळं बघायला सगळं मिळालं.

चाँद पाशा पक्षात कसा आला, ते त्यानंच मला एकदा चाकाच्या तारा आवळता आवळता सांगितलं होतं. पोलिस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं, त्याला तीन-चार वर्षं झालेली. गावातले मुसलमान अजून मान खाली घालून चालायचे. त्यात पहिल्या निवडणुकीच्या वेळी पक्षाचा एक माणूस सभेची सतरंजी घेऊन गावात आला. पारावर चाँद पाशा उभा होता. तो माणूस म्हणाला, "चाँदभाई, तिकडचं टोक धरा." दोघांनी मिळून सतरंजी अंथरली. "सगळ्यांसमोर नावानं बोलावलं मला," चाँद पाशा म्हणायचा. तेवढ्यावर तो सत्तावीस वर्षं राहिला होता.

आणीबाणी आली तेव्हा तो आणि शेजारच्या वाडीचा सटवाजी, दोघं झेंडा घेऊन हिंगोलीच्या चौकात बसले. घोषणा दोन-तीनच झाल्या असतील. पोलिसांनी उचललं. चार महिने आत होते. मागं चाँद पाशाची बायको नजमुन्निसा दुकानात बसली. आधी लोक हसले. मग तिनं लावलेलं पंक्चर महिना-महिना टिकतंय हे दिसल्यावर हसणं बंद झालं. चाँद पाशा सुटून आला तेव्हा त्याचे दात दुखत होते आणि उजव्या कानानं कमी ऐकू येत होतं. त्याबद्दल तो कधी फार बोलला नाही.

या दोघांना पकडलं त्या दिवशी चौकात किशनरावही होते. किशनराव आमच्याच जिल्हा परिषद गटातले, रस्त्याच्या खडीचे गुत्तेदार. वीस वर्षं सरकारी पक्षात. मंत्री आला की हार त्यांच्या हातात, जीप त्यांची, जेवणावळ त्यांच्या मळ्यात.

आणि एकोणऐंशी साली जिल्हा परिषदेच्या निवडणुका लागल्या तेव्हा हे किशनराव आमच्या, म्हणजे चाँद पाशाच्या, पक्षाचं तिकीट मागायला उभे राहिले.

हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात. परभणीहून पक्षाचे एक वकीलसाहेब उमेदवार ठरवायला आले. रविवार होता. उन्हाळा इतका की शाळेच्या पत्र्याखाली बसवत नव्हतं. लोक व्हरांड्यात सरकत सरकत सावलीमागं जात होते. पंधरा-वीस कार्यकर्ते. दोनच नावं होती. एक सटवाजीचं, दुसरं किशनरावांचं. सटवाजी धुतलेलं धोतर नेसून आला होता. त्याच्या घरच्यांनी दोन दिवस आधीच गावात गूळ वाटला होता, असं लोक म्हणत होते.

वकीलसाहेबांनी पक्षापुढच्या अडचणी सांगितल्या. मतांचं गणित सांगितलं. मग म्हणाले, "किशनरावांच्या नावाला कुणाची हरकत?"

चाँद पाशा उठला.

"हरकत न्हाई. सवाल हायेत. तीन."

"विचारा," वकीलसाहेब घड्याळ बघत म्हणाले.

"किशनराव, पंच्याहत्तर साली हिंगोलीच्या चौकात आमाला पकडलं. तवा जमादाराला आमचं गाव, नाव कोन सांगितलं?"

किशनरावांनी दस्तीनं मान पुसली. ते खोटं बोलतील असं आम्हाला वाटलं होतं. ते म्हणाले, "मी सांगितलं. त्यानं विचारलं, हे कुठले? मी म्हणलो, वडजवळ्याचे. न्हाई सांगितलं असतं तरी त्यानं उचललंच असतं तुमाला."

"बराबर हाय," चाँद पाशा म्हणाला. "आता दुसरा. तुमी आमच्या पक्षात काहून येऊन राहिले?"

"पक्षाचे विचार पटले."

"कोणते?"

मागं कुणीतरी खोकलं. वकीलसाहेब म्हणाले, "चाँदभाई, आपण परीक्षा घ्यायला जमलो नाही."

"असू द्या साहेब," किशनराव म्हणाले. ते थोडे पुढं सरकून बसले. "हे बघा चाँदभाई, मला भाषण येत न्हाई. वीस वर्षं मी त्यांच्या जीपा फिरवल्या, पंगती घातल्या. औंदा म्हणलं आपल्याला उभं करतील. त्यांनी माझ्या पुतण्याला तिकीट दिलं. काल मिसरूड फुटलेल्या पोराला. मला उभं राहायचं हाय. तुमच्याकडं जागा हाय, खर्च करणारा माणूस न्हाई. असं हाय ते."

एक-दोघं हसले. चाँद पाशा हसला नाही. त्यानं मान हलवली, जणू चाकातली वाकडी तार त्याला सापडली.

"तिसरा सवाल. पडलात तर राहताल का इकडं?"

"राहीन."

"लिहून देताल?"

"चाँदभाई," वकीलसाहेबांचा आवाज चढला, "पक्ष विश्वासावर चालतो. बसा आता."

चाँद पाशा बसला. मग सटवाजी उठला. "मी माझं नाव मागं घेतो," तो म्हणाला. "माणसापेक्षा पक्ष मोठा." टाळ्या झाल्या. वकीलसाहेबांनी उठून त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि अशा निष्ठावंतांवरच पक्ष उभा आहे असं सांगितलं.

सगळे गेल्यावर मी शाळा बंद करायला लागलो, तर माझ्या टेबलाखाली कागदाचा एक गठ्ठा राहिलेला. सोडून बघितलं. किशनरावांच्या नावाची पत्रकं, छापून तयार. शाईचा वास येत होता.

दुसऱ्या दिवशी मी दुकानावर जाऊन चाँद पाशाला हे सांगितलं. तो ट्यूबेवर कानस घासत होता.

"मला ठाऊक व्हतं, मास्तर."

"मग विचारलं काहून?"

"विचारलं तर पायजे ना कोणीतरी," तो म्हणाला आणि घासत राहिला.

मला वाटलं होतं, आता हा प्रचाराला जाणार नाही. तो गेला. नजमुन्निसाचा आवाज दुकानाच्या मागं त्यांच्या घरातून मला ऐकू आला होता, "जिनो तुमकू पकड के दिये, उनके वास्ते धूप में कायकू फिरते जी?" चाँद पाशा काय म्हणाला ते ऐकू आलं नाही. थोड्या वेळानं तो हँडलला झेंडा बांधून बाहेर पडला.

किशनरावांची जीप पुढं धुरळा उडवत जायची आणि मागून हा सायकलवर. जीपमध्ये बस म्हणून कुणी म्हटलं तर म्हणायचा, "मला वाटंत थांबत जावं लागते." पन्नाशीचा माणूस, दात दुखणारा, मे महिन्याच्या उन्हात दिवसाला चार-पाच गावं करायचा. शाळेला सुट्ट्या होत्या. एकदा मी नरसीला नामदेवाच्या दर्शनाला चाललो होतो, वाटेत एका गावी तो भेटला, म्हणून मीही बौद्धवाड्यात त्याच्यासोबत थांबलो.

तिथं धुरपताबाई म्हणून एक बाई होती. आपल्या वाड्यातली मतं ती बांधायची. रोजगार हमीच्या कामावर मुकादमाला भर दुपारी गप्प बसवलेली बाई. तिनं चाँद पाशाला पाणी दिलं, बाजेवर बसवलं आणि विचारलं, "चाँदभाई, तुमी सांगा. त्या किशनरावाचा भरोसा काय? काल तिकडं व्हता. उद्या कुठं जाईल?"

चाँद पाशानं पेला खाली ठेवला. "पक्षाचा भरोसा मी देतो, बाई. माणसाचा मला देता येत न्हाई."

आजूबाजूच्या बाया हसल्या. धुरपताबाई हसली नाही. "मग मत दिल्यावर तिकडं जाऊन कोन बसन? पक्ष का माणूस?"

चाँद पाशा "बराबर हाय" म्हणाला, अजून पेलाभर पाणी मागून प्याला आणि उठला. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "असं बोलल्यावर मतं कशी मिळतील?"

"तिच्याशी खोटं बोलून पुन्हा त्याच वाटंनं जायचं हाय मला, मास्तर. किशनरावाला न्हाई जायचं. मला जायचं हाय."

पुढच्या गावाचा चढ त्यानं सायकल हातात धरून चढला. मी बघत उभा राहिलो.

किशनराव पडले. पुतण्या निवडून आला. फरक थोडाच होता आणि बौद्धवाड्यांतली मतं फुटली होती. निकालाच्या दुसऱ्या दिवशी किशनरावांचा मेहुणा दुकानावर येऊन चाँद पाशाला नाही नाही ते बोलला. "घरभेद्या" म्हणाला. स्टँडवरची माणसं बघत होती. चाँद पाशानं उजवा कान त्याच्याकडं केला होता, म्हणजे बरंचसं त्याला ऐकूच आलं नसेल. नजमुन्निसा मात्र दारात आली आणि तिनं मेहुण्याला एवढंच विचारलं, "तुमी किती गावं सायकलीवर केली?" तो गेला.

किशनराव आठ दिवसांत परत जातील, अशी सगळ्या गावाची खात्री होती. हॉटेलात त्याच्यावर पैजा लागल्या.

गेला तो सटवाजी.

पोळा होऊन गेला होता. मी दुकानात ट्यूब बघत होतो. सटवाजी सायकल ढकलत आला. मागच्या चाकात हवा नव्हती. चाँद पाशानं सायकल उलटी केली, टायर काढला, पाण्यात ट्यूब दाबली. बुडबुडे कुठूनच येईनात.

"पंक्चर न्हाई," चाँद पाशा म्हणाला. "हवाच सोडलेली हाय."

सटवाजी बाकड्यावर बसला. "मीच सोडली. यायला काहीतरी कारण पायजे व्हतं." मग जमिनीकडं बघत म्हणाला, "चाँदभाई, मी तिकडं चाललो. सोसायटीवर घेऊन राहिले मला. पोरगं दोन साल झाले घरी बसून हाय, त्याला तिथं चिकटवतो म्हणले."

चाँद पाशा ट्यूब पुसत होता.

"काही तर बोला. किशनरावाला सभेत उभं करून तीन सवाल विचारले. मला एक तर विचारा."

"तुला काय विचारू?" चाँद पाशा म्हणाला. "चार महिने एका घोंगडीवर झोपलो आपण."

"मी नाव मागं घेतलं, टाळ्या पडल्या. घरी गेलो तर बायको म्हणली, टाळ्या शिजवू का? थकलो मी, चाँदभाई."

चाँद पाशानं टायर चढवला, हवा भरली, बोटानं चाक दाबून बघितलं. सटवाजीनं खिशात हात घातला तेव्हा त्यानं मानेनंच नको म्हटलं. सटवाजी रस्त्याच्या वळणापर्यंत चालत गेला आणि तिथून सायकलवर बसला. चाँद पाशा त्या दिवशी लवकर घरात गेला. दुकान नजमुन्निसानं आवरलं.

त्यानंतर पक्षाची बैठक बोलावली तेव्हा तिघंच आले. चाँद पाशा, एक म्हातारा विणकर आणि किशनराव. परभणीचे वकीलसाहेब येणार होते, आले नाहीत. पक्षही तोपर्यंत वर दिल्लीत फुटला होता, कोण कुणाकडं हे पेपरात रोज बदलत होतं. मी कंदिलाची काच पुसून ठेवली होती, पण बैठक दिवस मावळायच्या आतच संपली.

चाँद पाशानं विचारलं, "किशनराव, तुमी काहून आले?"

किशनराव कंटाळलेल्या माणसासारखे हसले. "खरं सांगू? तिकडं गेलो व्हतो. पुतण्यानं ओसरीवर बसवून ठेवलं मला तासभर. चहा पाजला अन् म्हणला, काका, जागा न्हाई. म्हणून आलो इकडं. तुमी म्हणाल वचन पाळलं. मी काही वचन-बिचन पाळलं न्हाई."

"मी म्हणत न्हाई तसं," चाँद पाशा म्हणाला. "पण आले तुमी. सटवाजी न्हाई आला."

मग त्यांनी रस्त्याच्या कामावरल्या मजुरांच्या हजेरीबद्दल एक अर्ज लिहायचं ठरवलं. अर्ज मी लिहून दिला, नियम मोडून. खाली दोघांनी सह्या केल्या. विणकराचा अंगठा.

हिवाळ्यात लोकसभेची निवडणूक आली. वडजवळ्याच्या केंद्रावर पक्षाचे एजंट म्हणून दिवसभर चाँद पाशा आणि किशनराव एकाच बाकड्यावर बसले होते. मी केंद्रावर ड्यूटीला होतो. दुपारी किशनरावांच्या घरून डबा आला, दोघं त्यात जेवले. धुरपताबाई तिच्या वाड्यातल्या बायांना घेऊन आली, बोटाला शाई लावून घेतली आणि जाताना दोघांकडं एकदा बघून गेली. तिनं मत कुणाला दिलं हे तिनं सांगितलं नाही, चाँद पाशानंही विचारलं नाही.

संध्याकाळी पेट्यांना सील झालं. आम्ही तिघं बाहेर आलो. किशनराव म्हणाले, "काय वाटते चाँदभाई, येईल का आपली?"

"न्हाई," चाँद पाशा म्हणाला. त्याचा दात पुन्हा ठणकत होता. गालावर हात धरून तो घराकडं चालायला लागला. किशनराव थोडा वेळ उभे राहिले. मग जीपकडं न जाता त्याच्या मागं मागं, त्याच्याच चालीनं, स्टँडपर्यंत चालत गेले.