पाठमोरी रेवा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं त्या म्हातारीला तर नाहीच नाही. आता तुम्हाला सांगतोय. का, ते विचारू नका. समोर ओळखीचं कुणी नसलं की जीभ जरा सैल सुटते, एवढंच असेल.

मी चित्रकथा काढतो. कॉमिक म्हणा. कोपरखैरण्याच्या दोन खोल्यांत बसून आजवर रेवाची अकरा पुस्तकं काढली. रेवा म्हणजे खाडीकाठची एक पोर. होडी वल्हवते, चिखलात गुडघाभर उतरून खेकडे धरते, आणि गावातल्या प्रत्येक भानगडीत नाक खुपसते. पुस्तकं पाहिली असतील तर एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल — रेवा तोंड दाखवत नाही. पाठमोरी बसलेली, पाठमोरी चाललेली, नाहीतर केस पुढे आलेले. लोकांना हे फार आवडतं. माझी शैली म्हणतात त्याला. 'वाचकाने तिथे आपला चेहरा ठेवावा' असं मी एका कार्यक्रमात म्हणालो आणि टाळ्या पडल्या. चित्रकलेच्या मुलांपुढे तर या पाठमोरेपणावर मी तासभर बोललोय, तोंडाला येईल ते.

खरं कारण सांगू? मला तिचा चेहरा काढता येत नाही.

पहिल्या पुस्तकात चेहरा आहे, पानापानावर आहे. पण तो मी काढलेला नाही. तो दामूने काढला.

दामू सारसोळ्याचा, कोळ्याचा मुलगा. सकाळी बापाबरोबर खाडीत जाळं टाकायचा आणि दुपारी अंगाला मासळीचा वास घेऊनच माझ्याकडे यायचा. माझे वडील साताऱ्याकडून येऊन बाजारात माथाडी झालेले. आम्ही दोघं भेटलो एका पेंटरकडे, दुकानांच्या पाट्या रंगवताना. तिथेच कळलं की माझा हात पक्का आहे, रेघ हलत नाही — पण रेघ कुठे न्यायची हे मला उमजत नाही. दामूला उमजायचं. मग आम्ही कामं वाटून घेतली. तो पेन्सिलीने चित्र काढायचा, अगदी हलक्या हाताने. मी त्यावरून ब्रशने शाई फिरवायचो. शाई वाळली की खोडरबर घ्यायचा आणि खालची पेन्सिल पुसून टाकायची. या कामाची रीतच आहे ती. पेन्सिलवाल्याचा हात पुसला जातो, शाईवाल्याचा उरतो. रबराचा चुरा मी फुंकरीने उडवायचो, आणि दामू हसत बाजूला सरकायचा, डोळ्यात जाऊ नये म्हणून.

रेवाचा चेहरा म्हणजे त्याची धाकटी बहीण, चंद्री. नऊ वर्षांची असताना तापाने गेली. तिचा एकही फोटो नव्हता — काढू काढू म्हणत राहून गेला. दामू सांगायचा की आपण विसरू या भीतीने तो तिला काढत राहायचा, पाट्यांच्या मागे, बिलांच्या पाठीवर, जिथे जागा मिळेल तिथे. चंद्रीची डावी पापणी उजवीपेक्षा जरा खाली होती. त्यामुळे ती नेहमी काहीतरी चोरून खाल्ल्यासारखी दिसायची. मी शाई फिरवताना तो शेजारी बसून नुसता त्या पापणीवर लक्ष ठेवायचा.

पुस्तक तयार झालं. छापणाऱ्यांकडे मी एकटाच गेलो होतो. ते मासळीचे दिवस होते, दामूला सवड नव्हती. त्यांनी विचारलं, चित्रकार म्हणून नाव कुणाचं? मी माझं सांगितलं. फक्त माझं. कुणी जबरदस्ती केली नव्हती, एकच नाव हवं असंही कुणी म्हटलं नव्हतं. शाई माझी होती म्हणून? की पेन्सिल पुसताना पुसताना ती कधी होतीच, हे मी विसरलो होतो? छे, विसरलो वगैरे काही नव्हतो. दामूला मात्र सांगितलं, तुझं नाव छापखान्यात राहून गेलं.

त्याने पुस्तक उलटसुलट करून पाहिलं. म्हणाला, "ऱ्हाव दे. चंद्री दिसते नं? बास."

त्याला कळलं होतं का? मला वाटतं, कळलं होतं.

त्या आठवड्यात मी त्याच्या घरी जेवायला गेलो. त्याची आई माझ्या ताटात तळलेली मांदेली वाढत होती आणि तोंडाने दामूचा उद्धार चालला होता. "बघ, ह्याचा नाव पुस्तकाव हाय. न तू निस्तं कागद काले करतंय." दामूने मान वर केली नाही. काटे काढत राहिला. मी काय केलं? मीही काटे काढत राहिलो. खाल्ल्या मिठाला जागायचं ते ताट समोर असतानाच मी विसरलो. एक वाक्य बोललो असतो तर ती माउली पोराकडे वेगळ्या नजरेने बघू लागली असती. त्यानंतर ती वर्षानुवर्षं माझं उदाहरण देऊन त्याला टोचत राहिली.

एवढंच असतं तर कदाचित मी हे सांगितलं नसतं. आयत्या बिळावरचे नागोबा या जगात थोडे का आहेत?

दामू हळूहळू यायचा थांबला. भांडला नाही, तेच तर वाईट. तुर्भ्याला एका कंपनीत लागला. शेवटचा आला तेव्हा दुसऱ्या पुस्तकासाठी एक पान ठेवून गेला — पानभर नुसता चेहरा. चंद्री सरळ आपल्याकडे बघतेय, पापणी खाली, आत्ता हसेल की मग अशी. समासात त्याच्या बारीक अक्षरात माझ्यासाठी सूचना होती: 'डावी पापणी खालीच ठेव. चंद्रीची तशीच होती.' मी ते पान ड्रॉवरमध्ये ठेवलं. शाई फिरवायचा धीर झाला नाही. ते समोर ठेवून दुसऱ्या पुस्तकासाठी चेहरा उतरवायचा प्रयत्न केला. रेघा सगळ्या यायच्या, पोर येत नव्हती. शेवटी वैतागून मी रेवाला पाठमोरी केली. पुढचं तुम्हाला माहीत आहे — शैली, टाळ्या.

काही वर्षांनी दामू गेला. कामावर छातीत दुखलं, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. पंचेचाळीसचाही नव्हता.

दिवसकार्य झाल्यावर महिन्याभराने त्याची आई माझ्याकडे आली. दोन बस बदलून, भर उन्हात, एकटी. पदराखालून प्लास्टिकची पिशवी काढली. तिच्यात आमचं पहिलं पुस्तक, पानं सुटलेली, दोऱ्याने बांधलेलं. दामूचा फोटो भिंतीवर लावला होता. त्याच्या शेजारी बहिणीचा लावायचा होता. पुस्तकातले चेहरे अंगठ्याएवढे, आणि तिची नजर अधू झालेली. "मना माजे चंद्रीचा मोठा फोटो कारून दे, बाला," ती म्हणाली. "तूच कारलेलास नं ती, दाम्याचा ऐकून. आमचे दाम्याला कई जमला नाय."

ड्रॉवर माझ्यापासून दोन पावलांवर होता.

मावशी, हे दामूनं काढलंय. चार शब्द आहेत. मी मोजलेत, नंतर कितीदा तरी. ड्रॉवर उघडायचा, पान तिच्या हातात द्यायचं आणि चार शब्द बोलायचे. तिला लेक मिळाली असती, आणि लेकही — तो लेक, ज्याला ती जन्मभर निकामी समजली. दोघं एकाच कागदावर होते. मी म्हणालो, "आठ दिवसांत आणून देतो, मावशी."

आणि मग मी काय केलं, ते सांगायलाच हा सगळा फेरा घातला.

दुसऱ्या दिवशी दुपारी, घरात कुणी नसताना, मी दामूचं ते पान काढलं आणि त्यावर शाई फिरवायला घेतली. नवीन कागदावर नाही. त्याच पानावर. पेन्सिलीचं चित्र तसंच दिलं असतं तर कुणी तरी विचारलं असतं, हा हात कुणाचा? सगळं नीट होत आलं होतं. पण त्या पापणीशी आल्यावर मला दामू दिसायला लागला — शेजारी बसून बघणारा. चोरीच्या भांड्यावर कोरलेलं नाव घासून काढतात ना, तसं मी केलं. पापणी वर उचलली. जाणूनबुजून. दोन्ही डोळे सारखे केले, हनुवटीही जरा टोकदार केली. शाई वाळली. मग रीतीप्रमाणे खोडरबर घेतला आणि खालचं सगळं पुसलं. समासातली सूचनाही. चुरा फुंकरीने उडवला, आणि तेव्हा कळलं की समोर एक छान, रेखीव, अनोळखी मुलगी बसलीय. पुसलेली पेन्सिल परत येत नाही हो. जगात कुठेही चंद्रीचा तेवढा मोठा चेहरा दुसरा नव्हता.

तरी मी खाली सही केली. तरी मी फ्रेम करून सारसोळ्याला नेली.

मावशीने ती जवळ धरली, मग लांब धरली, मग दारातल्या उजेडात नेली. बराच वेळ बघितलं. मग मला विचारलं, "ही कोनाची पोर हाय रं?"

माझ्याकडे अजूनही वेळ होता. बघा ना, किती वेळा वेळ होता.

"चंद्रीच आहे, मावशी," मी म्हणालो.

तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा चित्राकडे. "आसल," ती म्हणाली. "माजेच डोले गेले आता. तू कसा चुकशील?" आणि पदराने काच पुसून तिने ती फ्रेम दामूच्या शेजारी लावायला सांगितली. खिळा मीच ठोकला.

त्यानंतर ती चार वर्षं जगली. मागच्या महिन्यात तिच्या दहाव्याला गेलो होतो. दामूची बायको सांगत होती, म्हातारी रोज मासळीची पाटी उचलण्याआधी त्या दोन फोटोंसमोर उभी राहायची. सुरुवातीला चंद्रीसमोर गप्प असायची, ओळख पटत नसल्यासारखी. मग हळूहळू बोलायला लागली. शेवटी शेवटी तर आल्यागेल्याला बोट दाखवून सांगायची, "अशीच व्हती माजी चंद्री."

अशी नव्हती. तिची डावी पापणी जरा खाली होती.