ओ ग्रुपचे भाई

सायकल भाड्याने देण्याआधी भाई दोन्ही चाकं अंगठ्याने दाबून बघत आणि पोरांना म्हणत, "बघून घ्या, मंग न्या." मी लातूरच्या एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायचो. मी मात्र काहीच बघून न घेता या माणसाची अब्रू घालवली. त्यांचं नाव मी लिहिणार नाही, गावंही थोडी फिरवली आहेत. का, ते पुढे कळेल.

तुमच्याही गल्लीत असा कुणी असेल, ज्याच्याबद्दल सगळ्यांना सगळं माहीत असतं. क्लासेस वाढले, रेणापूरपासून हदगावपर्यंतची पोरं खोल्या करून राहू लागली, तसं भाईंचं दुकान चाललं. एखादा धडपडला की ते म्हणत, "डॉक्टरसाहेब, ब्रेक कुठं असतोय तेवढं तर शिका आधी."

भूकंपाच्या वेळी आम्ही दोघं रक्त द्यायला एकाच रांगेत होतो. त्यांचा गट ओ निघाला. मी म्हणालो, "भाई, तुमचं रक्त सगळ्यांना चालतं."

"बरं झालं. मला तर घरात कुनी चालवून घेईना."

काही वर्षांनी भाभींच्या किडन्या निकामी झाल्या. भाईंनी विचारलं, "माझी चालंल ना, सर?" मी फळ्यासमोर उभा असल्यासारखा म्हणालो, "ओ ग्रुप म्हणजे प्रश्नच नाही." त्या भरवशावर त्यांनी तंबाखू सोडली, भाभींना धीर दिला. हैदराबादेत तपासण्या झाल्या. परत आल्यावर एवढंच बोलले, "जुळंना म्हनले डॉक्टर."

"असं कसं?"

"न्हाई जुळत, सर. सोडा."

मला वाटलं, घाबरले. भाभींच्या भावाला मी म्हणालो, "रक्तगट तर जुळतो. मनच जुळत नसेल." तेव्हा ते वाक्य मला फार चपखल वाटलं होतं. ते गल्लीभर झालं, भाभींपर्यंत गेलं, पोरांपर्यंतही गेलं. दुसरं कुणी किडनी देणारं मिळालं नाही. डायलिसिसवर काही महिने काढून भाभी गेल्या. भाई दुकान मोडून लेकरांसह नांदेडला निघून गेले.

पुढे माझी एक विद्यार्थिनी किडनीची डॉक्टर होऊन क्लासच्या सत्काराला आली. मी तिला ही गोष्ट सांगितली, तीही भित्र्या नवऱ्याची म्हणून. तिने विचारलं, "सर, त्यांना मुलं होती?"

"तीन."

"मग ते खरं बोलले असतील. नुसता रक्तगट जुळून भागत नाही. बाळंतपणात बाळाच्या पेशी आईच्या रक्तात येतात, त्यात बापाचा अंश असतो. कधी कधी आईचं शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करून ठेवतं. मग त्याच नवऱ्याची किडनी बसवली, तर तिचं शरीर त्या किडनीवर तुटून पडतं."

माझं जीवशास्त्र रक्तगटापाशीच संपत होतं.

मी नांदेडला गेलो. भाई फार थकले होते. ऐकलेलं सांगू लागलो तसा त्यांनी हात वर केला. आत थोरली लेक होती. ते हळू आवाजात म्हणाले, "हे मला तवाच सांगितलंय डॉक्टरनं. लेकरं झाली म्हनून जुळंना."

"मग बोलला का नाहीत? लोक तुम्हाला भित्रा म्हणत होते."

"म्हनू द्या. आपल्यामुळं अम्मी गेली, हे लेकरांनी कशापायी जन्मभर बाळगावं?"

"आणि भाभी?"

"तिनं एकदा इचारलं, खरंच जुळंना का म्हनून. मी हाव म्हनलो. तिला पटलं का न्हाई, काय माहीत."

मी त्यांचे हात धरले. त्यांनी ते सोडवून घेतले. "माझी माफी नगं, सर. पोरीची मागा. ती अजून तोडून बोलती माझ्याशी. कारन मात्र सांगू नका."

त्यांनी हाक मारली. लेक बाहेर येऊन दारातच थांबली.

"बेटी," मी म्हणालो, "तुझे अब्बा घाबरले नव्हते. ती आवई मी उठवली. किडनी खरंच जुळली नव्हती."

"का जुळली न्हाई?" तिने विचारलं. "तुम्ही तर हेच शिकवता ना?"

भाई खाली बघत होते.

"ते मला कळत नाही, बेटी," मी म्हणालो. "कळत नसताना बोललो. मला माफ कर."