इंजेक्शनचा कागद मोठ्यानं वाचताना

माझ्या नाकात वाढलेलं मांस दोनदा ऑपरेशन करून काढलं होतं, आणि ते पुन्हा वाढलं होतं. रात्री तोंडानं श्वास घ्यायचा, सकाळी घसा कोरडा. याचीही सवय झाली होती. पण कॉलेज संपता संपता वास गेला तो गेलाच. तो परत हवा होता. एवढंच मागणं घेऊन आई-बाबांसोबत मी डॉक्टरीणबाईंसमोर बसले.

त्या म्हणाल्या, "लगेच ऑपरेशन नको. आता एक इंजेक्शन मिळतं. सूज वाढवणारा निरोप शरीरात पुढे जातो, तो हे वाटेतच अडवतं. दर पंधरा दिवसांनी, पोटाच्या कातडीखाली. नाकातला स्प्रे मात्र चालूच ठेवायचा."

"त्याच्यासोबत कागद असेल ना?" बाबांनी विचारलं.

आमच्या घरात छापील कागद मोठ्यानं वाचल्याशिवाय मान्य होत नाही. जयंतीचं पत्रक असो की सोसायटीची नोटीस, एकानं वाचायचं, बाकीच्यांनी हरकती घ्यायच्या. डॉक्टरीणबाईंनी खोक्यातली घडी पुढे केली आणि मी तिथंच सुरू झाले. इंग्रजी वाचायचं, मराठीत सांगायचं.

"डोळे लाल होतात? सगळ्यांचेच?" आईनं विचारलं.

"बंद केलं तर मांस परत वाढेल?" हे बाबा.

"वाढू शकतं. आजार मुळापासून जात नाही, ताब्यात राहतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ठराव मंजूर झाला की सांगा. बाहेर अजून पेशंट आहेत."

"हो मॅडम, पण मागची बाजू राहिलीय," मी म्हणाले.

त्या हसल्या आणि मागची बाजूही ऐकली. एकही प्रश्न उडवून लावला नाही. औषधाच्या आधी मी त्याबद्दल त्यांचे आभार मानते.

औषध माझ्या नोकरीच्या विम्यात बसलं. बाहेरच्या बाकावरच्या किती जणांचं बसणार नाही, हा राग मी गिळलेला नाही. त्यावर लिहिणारच आहे.

पहिल्या इंजेक्शननंतर दीडेक महिन्यानं, एका रविवारी मी जिना चढत होते. कात्रजच्या आमच्या सोसायटीत आमच्या सुकटीच्या वासाची तक्रार कायमची. कुणाच्या ताटावर बोलायचा कुणाला हक्क नाही, म्हणून कमिटीशी मी कडाकडा भांडत आलेली. दुसऱ्या मजल्यावर पाय थबकले. खारट, भाजकं काहीतरी थेट नाकात घुसलं.

दारातूनच ओरडले, "आई, केवढा वास येतोय गं!"

"मग आता तूही कमिटीत जा," आई म्हणाली, आणि उलथनं हातात तसंच धरून रडायला लागली. सुकट जराशी करपली. तोही वास मला आला.