शिवेबाहेर गेलेला इस्तव

"चूल माजी, होळी समद्यांची," असं चांगो म्हणायचा. कुणी विचारो न विचारो, म्हणायचाच. त्याची बायको मंगळी त्याला हसायची, पण तिलाही त्याचा तोरा होता. मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडाच्या पायथ्याच्या त्या वाडीत होळी काडेपेटीनं पेटत नसे. चांगो आपल्या चुलीतला निखारा खापरीवर घेऊन पुढं चालायचा आणि वाडी त्याच्या मागं. त्यासाठी मंगळी रोज निजताना इस्तव राखेत पुरून ठेवी. पथ्य एकच होतं. फाल्गुन लागला की त्या चुलीचा इस्तव शिवेबाहेर द्यायचा नाही.

औंदा शहापूरची नम्रता आली. चित्रकार होती ती, आगीवर प्रदर्शन मांडणार होती. गावोगावच्या चुलींचे निखारे तिला हवे होते.

"तुमचं नाव लावू, चांगोबाबा."

"फाल्गुन लागलाय. देऊ नको," मंगळी म्हणाली.

"तुला काय कळतं गो? शहापुरात नाव लागंल माजं!"

त्यानं आपल्या हातानं घमेलं भरून दिलं.

वाडीतल्या शामला सोबत घेऊन चांगो-मंगळी प्रदर्शन बघायला गेली. लोखंडी थाळीत निखारे धुमसत होते, खाली पाटी होती: 'आदिवासी चूल, मुरबाड'. चांगोनं अक्षरं लावत ती दोनदा वाचली. सांजेला हॉल बंद करताना रखवालदारानं थाळीवर बादली ओतली. चर्र झालं.

"नियमच आहे तसा," वायरी गुंडाळत नम्रता म्हणाली.

शामनं ते मोबाइलवर घेतलं आणि वाडीभर दाखवलं.

होळीला चांगो खापरी घेऊन निघाला, तर शाम आडवा उभा.

"तुज्या इस्तवावर पाणी पडलं, चांगो. आमाला नाय चालत."

"अरे, चूल पेटती हाय माजी घरात!"

"मंग शहापूरची होळी लाव जा."

कुणीतरी फिदीफिदी हसलं. दरसाल त्याच्या खापरीला कुंकू लावणारी बुधी म्हातारी मान फिरवून उभी राहिली. शामनं खिशातून लायटर काढला. पेंढा भडकला आणि वाडीनं बोंब ठोकली. चांगोनंच हौसेनं बोलावलेली नम्रता ज्वाळांचे फोटो काढत होती.

चांगोनं खापरी टाकली नाही. ती तशीच हातात धरून तो शिवेच्या वाटेला लागला. वारा आला की निखारा लाल व्हायचा, मग काळवंडायचा. सगळी वाडी होळीकडं बघत होती. होळीकडं पाठ करून त्या लाल ठिपक्याकडं बघणारी मंगळी एकटीच होती.