आमच्या बॅचमधले गफूरचाचा

आमच्या नर्सिंग असिस्टंटच्या बॅचमधला एकमेव पुरुष आज गेला.

गफूरचाचा. आमच्या दिग्रसचेच.

आम्ही दोघं एकाच सूतगिरणीत कामाला होतो. गिरणी बंद पडली आणि आम्हा कामगारांसाठी सरकारी ट्रेनिंग आलं. चाचांना इलेक्ट्रिशियन व्हायचं होतं. तिथं त्यांचं वय बसलं नाही.

वयाची अट नव्हती ती फक्त आमच्या कोर्सला. पेशंटची काळजी घ्यायचा कोर्स. सगळ्या बायका.

पहिल्या दिवशी ते दारातच उभे. मॅडमनी विचारलं, "कोणाला सोडायला आलात?"

"मीच शिकाले आलो."

आम्ही हसलो. तेही हसले, आणि मागच्या बाकावर जाऊन बसले.

रोज आम्ही दोघं दिग्रस-यवतमाळ एसटीनं. दुपारी सगळ्यांचे डबे एकत्र. एकदा जेवता जेवता म्हणाले, "काम तं काही ना काही भेटन. पण गिरणीत असं सोबत बसून जेवाचो ना, त्याची लय याद येते."

कोर्स संपला. रोजगार मेळाव्यात यवतमाळच्या एका दवाखान्यानं मला घेतलं. चाचांकडे पाहून तो माणूस म्हणाला, "तुमचं वय जास्त आहे हो."

चाचांनी सर्टिफिकेट पिशवीत ठेवलं.

"चाल बाई, बस सुटन."



मी नोकरीला लागले आणि थोड्याच दिवसांत माझ्या बाबांना लकवा मारला. घरी दुसरं कोणी नाही. मी नोकरी सोडायला निघाले.

चाचा घरी आले. "तू ड्युटीवर जाय. तुह्या बाबाले मी पाह्यतो. फुकट नाही बरं! कोर्स केला हाय म्या."

बाबा शेतकरी माणूस. दुसऱ्याकडून अंग पुसून घ्यायची लाज. पहिल्या दिवशी भिंतीकडे तोंड करून पडले. चाचांनी घाई केली नाही. कपाशीचं, पावसाचं बोलत बसले. मग दाढी करून दिली.

पुढं पुढं बाबाच अडखळत विचारायचे, "गफूर काहून नाही आला अजून?"

इतके दिवस अंथरुणात, पण बाबांच्या पाठीला एक जखम झाली नाही. ते चाचांमुळे. माझी नोकरी टिकली, तीही त्यांच्यामुळेच. मग गावातले बाकीचेही घरच्या आजारी माणसासाठी त्यांना बोलवायला लागले.

बाबा गेल्यावरसुद्धा चाचा अधूनमधून सकाळी यायचे. ओट्यावर बसायचे.

"इकडूनच चाल्लो होतो."

त्यांचं घर गावाच्या पार दुसऱ्या टोकाला.

गेल्या आठवड्यात त्यांना भेटायला गेले. श्वास पुरत नव्हता. म्हटलं, केस धुऊन देऊ? मान डोलावली. मी डोक्याखाली हात घातला, तर डोळे उघडले.

"आधी सांग. मंग हात लाव." कोर्समधला पहिला धडा.

"आता डोकं उचलते, चाचा."

"हा. असं."

आज फोन आला तेव्हा मी वॉर्डात होते. दिग्रसला पोचेपर्यंत माणसं कब्रस्तानातून परत आली होती. चाची माझा हात धरून म्हणाल्या, "सबको बोलते थे, वो मेरे क्लास की है."

चाचा, तुमच्यासोबत एका वॉर्डात एक तरी शिफ्ट करायची होती.

राहून गेली.

खुदा हाफिज.