होझिया प्रेविटची चाल

नेब्रास्कातल्या आमच्या माळावर पहिला नांगर घातला तो होझिया प्रेविटनं. बैलगाडीत बायको आणि बियाणं घालून तो ओहायोहून आला, गवतासकट कापलेल्या मातीच्या ढेपांचं घर बांधलं आणि त्याच्यामागून गाव वसलं. गावाला सव्वाशे वर्षं झाली तेव्हा चौकात त्याच्या नावाचा दगड बसवायचं ठरलं. घराणं शोधून काढायचं काम त्याच्या पणतीकडे आलं.

आयडेला प्रेविट शाळेची बस चालवायची. लग्न केलेलं नव्हतं. हाती घेतलेलं काम अर्धवट टाकणं तिला माहीत नव्हतं. मी तिची शेजारीण, म्हणून सगळीकडे तिच्यासोबत.

आधी आम्ही दफनभूमीत गेलो. प्रेविटांच्या घरात लग्न करून आलेल्या बायका म्हाताऱ्या होऊन गेलेल्या. पुरुषांपैकी बरेचसे मात्र पन्नाशीही न गाठता गेलेले. प्रत्येकाच्या मरणाची एकेक गोष्ट गावात होतीच. होझिया नदीत बुडाला, त्याचा मुलगा एझ्रा दारूपायी गेला, आयडेलाचे वडील ट्रॅक्टरखाली सापडले.

"आमच्याकडचे पुरुष धडपडेच," ती हसून म्हणाली. मला काही हसू आलं नाही.

मग आम्ही वृद्धाश्रमात ऑर्व्हल ह्रुस्काला भेटलो. त्याचा बाप तरुणपणी होझियाकडे गडी होता.

"काका, माझा आजोबा फार प्यायचा का हो?" तिनं विचारलं.

"एझ्रा? थेंबाला शिवला नाही कधी!" म्हातारा चिडला. "लोक काय, झोकांड्या बघायचे नि बाटली जोडून द्यायचे. अगं, अंगच नाचायचं त्याचं. हात, मान, तोंड. झोप लागली की थांबायचं. माझा बाप म्हणायचा, हुबेहूब होझियाची चाल! तुझ्या बापाकडेही शेवटी बघवत नव्हतं, पोरी. तुम्हा लेकरांना कोण सांगणार?"

परतताना आयडेलानं गाडी कडेला घेतली आणि होझिया, एझ्रा, वडील अशी नावं कागदावर एकाखाली एक लिहिली.

त्या रविवारी तिचा धाकटा भाऊ लाइल याच्याकडे आम्ही जेवायला होतो. बटाट्यांवर रस्सा वाढताना लाइलच्या हाताला हिसका बसला आणि निम्मा रस्सा टेबलावर सांडला.

"बाबा, तुम्हाला आता लाळेरं बांधायला हवं!" त्याची मुलगी कोरीन खिदळली. दोन महिन्यांवर तिचं लग्न होतं.

लाइलही हसला. आयडेलानं काटा खाली ठेवला. ती त्याच्या बोटांकडे बघत होती. टेबलावर बोटं आपोआप हलत होती, जणू कुणी दुसराच हलवत होता.

ओमाहा शहरातल्या डॉक्टरांनी आयडेलाकडून घराण्याची हकीकत ऐकून आजाराचं नाव सांगितलं, हंटिंग्टन. आईला किंवा बापाला असला की प्रत्येक मुलाच्या वाट्याला येण्याची शक्यता निम्मी. औषध नाही. आयडेलानं रक्त तपासून घेतलं. ती सुटली होती. मी तिला मिठी मारायला गेले, तर ती म्हणाली, "नको गं. चांगला वाटा मी घेतला, असं वाटतंय."

तिनं लाइलला सांगितलं तेव्हा मी व्हरांड्यात होते.

"मेलेल्यांना उकरायला तुला सांगितलं कुणी?" तो ओरडला. "कोरीनला अक्षर जरी बोललीस, तर या घराची पायरी चढू नकोस!"

"ती उद्या आई होईल, लाइल."

"चालती हो!"

ती निघाली ती थेट कोरीनकडे गेली आणि सगळं सांगितलं. पोरीनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि दार लावून घेतलं. लग्नाचं आमंत्रण गावभर गेलं, आत्याला आलं नाही. चौकात दगड बसला तेव्हा आयडेला घरीच राहिली.

पुढं लाइलचे हातपाय त्याचे राहिले नाहीत. गोठ्याजवळ दोनदा पडला. शेवटी कोरीननंच त्याला गाडीत घालून आयडेलाच्या दारात आणलं.

"आत्या, मला नाही गं जमत," एवढंच म्हणाली.

आयडेलानं त्याला चमच्यानं भरवलं, अंगाला लागू नये म्हणून पलंगाला गाद्या बांधल्या. तो गेला तेव्हा तिनं पाद्रीबाबांना बजावलं, आजाराचं नाव सर्वांसमोर घ्यायचं, मरणाची रचलेली गोष्ट नको. पाद्रीबाबांनी घेतलं.

कोरीननं अजून तपासणी केलेली नाही. "कळून काय करू?" म्हणते. तिला मूल नाही. रविवारी चर्चमध्ये ती भजनाचं पुस्तक घेऊन उभी राहिली, की सगळ्यांची नजर तिच्या हातांवर जाते. माझीही जाते. तिला ते कळतं. मग ती पुस्तक मिटते, हात खिशात घालते आणि तोंडपाठ गाते.